पाराखालचा केवट

आमच्या अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर विषय सांगितला, "काका, 'देशाचा वारसा जपण्यात अभिलेखागाराची भूमिका' इस पर कुछ लिख दीजिए." मराठी अंकाच्या संपादक आहेत, पण बोलतात हिंदीत. आमच्या रायपुरात हे असंच. विषय ऐकून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. अंगात नुसती बनियन होती, तरी राहिलो. वारसा म्हटलं की सरकारी माणसाचे पाय आपोआप सरळ होतात.

मग म्हटलं, "बाई, तिथे कागद तिघांपासून वाचवा लागतात. वाळवीपासून, ओलीपासून आणि तिथल्या बाबूपासून. पहिल्या दोघांवर औषध आहे. तिसरा मी होतो."

"तो वही लिखिए ना काका," बाई म्हणाल्या. म्हणून लिहून राहिलो. कार्यालयाचं नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही. चूक माझी होती, पाटीची नव्हती.

बाहेरच्या माणसाला आधी हे काम सांगतो. सरकार रोज कागद लिहितं. त्यातले बहुतेक रद्दीत जातात, आणि जावेतच. जे थोडे मागे राहण्यासारखे असतात ते कापडात बांधून आमच्याकडे येतात. त्या गठ्ठ्याला बस्ता म्हणतात. आम्ही बस्ता उघडतो, धूळ झाडतो, किडा मारतो, फाटक्या पानाला मैद्याच्या खळीने पातळ कागद लावतो, यादीत चढवतो आणि फळीवर ठेवतो. कोणी मागितला की काढून देतो. एवढंच. यात एक नियम मात्र आईची शपथ घातल्यासारखा पाळायचा. आलेल्या कागदावर आपण काही लिहायचं नाही, खोडायचं नाही, आणि कागद चुकीचा निघाला तरी फेकायचा नाही. हा नियम ध्यानात ठेवा. तो शेवटी माझ्याच गळ्यात पडला.

मी या खात्यात आलो तो 'हव' या शब्दापायी. हव म्हणजे छत्तीसगढीतलं होय. आमच्या घरात दोन पिढ्या होकाराला हाच शब्द आहे, 'हो' म्हणायचं आम्ही पाहुणे आले की आठवतो. नवं राज्य झालं होतं, रायपूर एका रात्रीत राजधानी झालं होतं, आणि ज्याला त्याला टेबल हवं होतं. जुन्या राजधानीतून आमच्या वाटणीचे बस्ते ट्रकांत भरभरून येत होते. मी तेव्हा दुसऱ्या एका खात्यात आवक-जावकच्या टेबलावर. नव्या कार्यालयाच्या साहेबांनी मला बोलावलं. एका बस्त्यात त्यांना वाकडी अक्षरं सापडली होती. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की ही मोडी, मराठ्यांची जुनी लिपी, इथे नागपूरकरांचा अंमल होता तेव्हा कारभार याच अक्षरात चालायचा.

साहेबांनी विचारलं, "धारकर बाबू, आप मराठी हैं ना? मोड़ी तो आती होगी?"

प्रश्न दोन होते. पहिल्याला 'हव' म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर दुसराही येऊन पोचला. माझं 'हव' दोघांनाही लागू झालं. साहेबांनी तिथल्या तिथे कागदावर लिहून टाकलं : मोडी-तज्ज्ञ.

दुरुस्त काहून केलं नाही, असं तुम्ही विचाराल. बरं वाटलं म्हणून. आवक-जावकच्या माणसाला आयुष्यात दुसऱ्या कोणी तज्ज्ञ म्हटलं नव्हतं. घरी येऊन बायकोला, मंदाला, सांगितलं तर ती पोळी तव्यावरच विसरली. "तुमाले माही किराण्याची चिठ्ठी वाचता येत नाही, अन् मोडी?" तिचं म्हणणं खरं होतं. गेल्या आठवड्यातच तिने 'ओवा' लिहिला होता आणि मी रवा आणला होता.

मला वाचवलं सासूबाईंनी. नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीत राहायच्या. त्यांचे वडील कुठल्याशा जुन्या घराण्याचे कारकून होते, त्यांनी लहानपणी लेकीला मोडी शिकवली होती. मी मोडी कागदांच्या झेरॉक्स काढायच्या, नागपूरला जाणाऱ्या रेल्वेतल्या ओळखीच्या माणसाच्या हाती द्यायच्या, आणि आठ दिवसांनी सासूबाईंच्या अक्षरात उत्तर यायचं. ते मी माझ्या अक्षरात उतरवून साहेबांपुढे ठेवायचो. साहेब म्हणायचे, "वाह धारकर बाबू!" मी मान खाली घालायचो. साहेबांना तो विनय वाटायचा.

सासूबाईंनी मला शिकवलंही. त्यांच्या ओसरीवर बसून पन्नाशीच्या जावयाने पाटीवर मोडी गिरवली. मोडी लिहिणारा आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतो, आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावे तशी अक्षरं तिला लटकवत जातो. ऱ्हस्व-दीर्घ नाही. आणि मुख्य म्हणजे दोन शब्दांत जागा नाही. शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्याने ठरवायचं. सासूबाई म्हणायच्या, "नुसतं अक्षर ओळखून काय होते जी जावईबापू? गाव ओळखा लागते." मी मान डोलवायचो आणि अक्षरच गिरवायचो.

याच काळात माझ्या हातून दुसरा एक पराक्रम झाला, तोही सांगून टाकतो. बस्त्यांची कापडं सडली होती. नवं कापड आणायला मी पंडरीच्या ठोक बाजारात गेलो. नियम असा की कापड कोरं, बिनरंगाचं पाहिजे. पण बस्ता म्हणजे लाल, हे लहानपणापासून डोळ्यांत बसलेलं. दुकानदाराने लाल थान उलगडलं, "भैया, शादी है क्या घर में?" मी म्हटलं, "शादीच समझो." त्या पावसाळ्यात छत गळलं, कापडाचा रंग सुटला आणि चाळीसेक बस्त्यांतले कागद कडेने गुलाबी झाले. आम्ही आठवडाभर व्हरांड्यात पंखे लावून ते वाळवले. अक्षरं वाचली, पण गुलाबीपणा गेला नाही. साहेब जाता जाता नुसतं म्हणाले, "बरात कब निकल रही है?" आजही तिथे गुलाबी कडेचा कागद दिसला की तो माझा, हे शिपायाला सुद्धा माहीत आहे.

तर अशी दोन-तीन वर्षं गेली आणि मला मोडी थोडीथोडी यायला लागली. इथेच घोटाळा झाला. काहीच येत नव्हतं तोवर मी निरुपद्रवी होतो.

त्यात आणखी एक गोष्ट. पुण्याला चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात मी वाढप्याला म्हटलं, "मले अजून एक जिलबी द्या." अख्खी पंगत हसली. एक पोरगी तर म्हणाली, "काका, परत म्हणा ना!" तिथून परत आल्यापासून मी शुद्ध मराठीच्या मागे लागलो. कार्यालयात मराठी कागद पुढे आला की मी मनातल्या मनात पुणेकर व्हायचो. 'मले' गेलं, 'हव' गेलं, सगळं छत्तीसगढी दाराबाहेर चपलेजवळ काढून ठेवायचं.

अशा शुद्ध दिवसांत एके दुपारी सुकवारो बाई आली.

साठीची, काळीसावळी, कपाळावर गोंदलेलं, जातीची केवट. केवट म्हणजे मासे धरणारे, नाव चालवणारे लोक. तिचं गाव भनपुरीच्या पलीकडे. गाव म्हणायचं, पण आता चारी बाजूंनी गोदामं आणि ट्रकांच्या रांगा. दोन्ही मुलं बीरगांवकडच्या कारखान्यात पाळीवर जायची. गावात एक तलाव उरला होता, त्याला सगळे जुन्ना तरिया म्हणत, म्हणजे जुना तलाव. आताच्या सरकारी कागदात ती जागा कशी कोण जाणे 'पडीत' लागली होती, आणि एका गोदामवाल्याने ती भरायला काढली होती.

"बाबू, हमर तरिया ला पाटत हें," ती म्हणाली. आमचा तलाव बुजवताहेत. तिने अर्ज केला होता, पेशी, म्हणजे सुनावणी, लागली होती, आणि अधिकाऱ्याने सांगितलं होतं की तलाव गावाचा असल्याचा एखादा जुना कागद आण. "कागज म तरिया के नाव होही त बांच जाही. तरिया नइ रही त भोजली कहां सराबो? नहावन कहां होही?"

भोजली म्हणजे टोपलीत उगवलेले गव्हाचे कोंब. राखीच्या दुसऱ्या दिवशी बायका ते गात गात तलावात सोडतात. आणि नहावन म्हणजे माणूस गेल्यावर दहाव्या दिवसाची आंघोळ. गावाचं सुख आणि दुःख दोन्ही त्या पाण्यात उतरायचं. ते पाणी जाणार की राहणार, हे आता एका कागदावर होतं.

मी यादी काढली. तिच्या गावाच्या नावाचा एकच कागद निघाला. मोडीत होता, कडेने गुलाबी होता. म्हणजे आधीच माझा होता.

नागपूरला पाठवावा असं एकदा मनात आलं. पण पेशी चार दिवसांवर होती, आणि मला आता येत होतं ना! मी चष्मा पुसला. त्या पानावर गावच्या सोयींची नोंद होती, आणि मधली ओळ अशी :

केवटपारातळेगावचेनिस्तारासअसे

मी ती तोडली : केवट / पारातळे / गावचे / निस्तारास / असे. पायातळे म्हणतो ना आपण, तसं पारातळे, म्हणजे पाराखाली. झाडाभोवतीचा पार, गावचे लोक बसतात तो. आणि निस्तारास म्हणजे निस्तरायला. अर्थ उघड होता : केवट पाराखाली बसून गावची भांडणं निस्तरतो! अंगावर काटा आला हो माझ्या. नागपूरकरांच्या अमलात एक केवट, गरीब मासेमार, पाराखाली बसून गावाचा न्याय करायचा! आणि हे शोधलं कोणी? धारकर बाबूने.

मी कागदाचं वाचन लिहिलं, शेवटी टीप घातली, 'तलावाचा उल्लेख नाही,' सही केली, शिक्का मारला आणि नक्कल सुकवारो बाईच्या हातात दिली. तिचं तोंड उतरलं. मी तिचं सांत्वनही केलं. म्हटलं, "तालाब तो नहीं निकला बाई, पर आपके समाज का कितना बड़ा आदमी निकला, देखो!"

तिने कागद दोनदा उलटापालटा करून पाहिला. "हव बाबू. फेर ओमा पानी त नइ हे," ती म्हणाली. पण त्याच्यात पाणी तर नाही. नक्कल पदरात बांधून ती निघून गेली.

इकडे साहेब खूश. आमच्याकडे तेव्हा एक छोटं प्रदर्शन भरणार होतं. साहेबांनी माझ्या केवटाचा मोठा फलक करून घेतला. रंगवणाऱ्याने पिंपळ काढला, पार काढला, पारावर पांढऱ्या मिशांचा, पागोटेवाला केवट बसवला, समोर हात जोडलेले दोन भांडखोर. वाचनात तो पाराखाली होता, पण चित्रात खाली बसवला तर दिसेना, म्हणून वर घेतला. खाली लिहिलं : 'पाराखालचा केवट : लोकन्यायाची परंपरा'. शाळांची मुलं रांगेने येऊन बघून गेली. मी फलकाशेजारी उभा राहून सांगायचो. चौथ्या दिवशी मी केवटाचा स्वभावही सांगायला लागलो, की माणूस शांत होता पण खोटं खपवून घ्यायचा नाही.

महिन्याभराने सुकवारो बाई परत आली. पेशी झाली होती. माझीच नक्कल गोदामवाल्याच्या वकिलाने उचलून अधिकाऱ्यापुढे वाचली होती : सरकारी तज्ज्ञ स्वतः लिहून देतो की तलावाचा उल्लेख नाही. निकाल अजून व्हायचा होता, एक तारीख उरली होती, पण मुरमाचे ट्रक यायला लागले होते. पूर्वेकडचा कोपरा भरलाही होता.

"एक घांव अउ देख दे न बाबू," ती म्हणाली. अजून एकदा बघ.

मला राग आला. खोटं काहून सांगू, आलाच. तज्ज्ञाला परत बघ म्हणते ही! मी म्हटलं, "एक बार लिखके दे दिया ना?" ती हलली नाही. शेवटी मी रजिस्टर पुढे ओढलं. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव-पत्ता त्यात लिहावा लागतो. मागच्या वेळी घाईत पत्त्याचा रकाना मी मोकळा सोडला होता.

"पता बोलो."

"लिख, केंवटपारा."

"कहां का केंवटपारा? उधर तो नगर है ना अब?" त्या वस्तीवर कोण्या पुढाऱ्याच्या नावाची पाटी लागलेली मला माहीत होती.

"नगर त काली होइस हे," ती म्हणाली. नगर काल झालं. "हमन केंवटपारा के हन."

मी लिहायला लागलो. के, व, ट, पा, रा. आणि माझा हात तिथेच थांबला. ही अक्षरं या क्रमाने मी आधी कुठेतरी पाहिली होती. लिहिली होती. त्यावर चित्र काढून घेतलं होतं.

पारा म्हणजे छत्तीसगढीत मोहल्ला. हे मला कोणी सांगायला नको. मी रायपूरच्या एका पाऱ्यात जन्मलो. माझी शाळा दुसऱ्या पाऱ्यात, माझं सासर सोडलं तर सगळे सोयरे कुठल्या ना कुठल्या पाऱ्यात. जन्मभर पत्रावर पत्ता लिहून राहिलो पारा, पारा, पारा. आणि कागदावर आला तेव्हा मले दिसला नाही!

आत जाऊन कागद काढला. केवटपारा / तळे / गावचे निस्तारास असे. केवटपाऱ्यातलं तळं गावाच्या निस्तारासाठी आहे. आणि निस्तार! निस्तार म्हणजे गावाने पाणी, सरपण, चराई वापरायचा हक्क. इथल्या शेंबड्या पोट्ट्याला माहीत असलेला शब्द. निस्तारी तरिया म्हणजे सगळ्या गावाचा तलाव. त्या जुन्या कारकुनाने नागपूरहून येऊन गावचे शब्द जसेच्या तसे लिहिले होते. आणि मी इथलाच, पुणेकर होऊन त्याचे शब्द धुऊन काढले होते.

दुपारीच सासूबाईंना फोन लावला. ओळ वाचून दाखवली. "मी बी पारातळेच वाचलं असतं जी," म्हणाल्या. "आमच्या महालात कुठचा आला पारा? तो तुमच्याकडचा शब्द. तो तुमालेच दिसाले पाहिजे होता." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

साहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. 'हव'पासून सांगितलं.

"तो आप मोड़ी पढ़ते नहीं हैं?"

"पढ़ता हूं सर. धीरे-धीरे. सास को पूछकर."

"सास को?" साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "देखिए, आपकी नौकरी के दो साल बचे हैं. पुरानी नकल वापस ले लीजिए, उसी नंबर पर नई दे दीजिए. फलक उतार देते हैं. कौन पूछता है?"

माणूस वाईट नव्हता. मला वाचवत होता, स्वतःलाही. आणि मला मोह झाला. पण जुनी नक्कल वकिलाच्या फाइलीत लागली होती. त्याच नंबरावर दुसरी आली असती तर त्याने पहिल्याच मिनिटाला तिला बनावट ठरवलं असतं, आणि तलाव कायमचा गेला असता. चूक लपवली तर तळं बुडत होतं, दाखवली तर मी. आणि आमचा तो नियम : चुकीचा कागदही फेकायचा नाही. कार्यालयात नव्याने लागलेल्या वीस पोरांना मी तो छाती फुगवून शिकवला होता.

मी लिहून दिलं : 'पूर्वीचे वाचन माझ्या अज्ञानामुळे चुकले. दोन्ही वाचने सोबत जोडली आहेत.' अज्ञान हा शब्द लिहिताना पेन तीनदा अडखळलं. सही मात्र चांगली आली.

पेशीच्या दिवशी मी मूळ कागद घेऊन उभा. मागे बाकावर सुकवारो बाई आणि पाऱ्यातल्या आठ-दहा बायका. वकील तरुण होता, हुशार होता, आणि त्याला मी आयताच सापडलो होतो.

"आप मराठी हैं?"

"जी."

"मातृभाषा मराठी?"

"जी."

"और मराठी का काग़ज़ आपने ग़लत पढ़ा?"

"साहब, मराठी हूं इसीलिए ग़लत पढ़ा," मी म्हटलं. "रायपुर का होकर पढ़ता तो सही पढ़ता."

लोक हसले. अधिकारीही हसले. हसताहसता त्यांनी कागद पुढे ओढला आणि म्हणाले, "दिखाइए, कहां लिखा है पारा?" मी ओळीवर बोट ठेवलं, कागदाला न लावता, एक केस वर. तेवढं तरी मला नीट येत होतं. अधिकारी इथलेच होते. मी दोन शब्द वाचले आणि निस्तार त्यांनी स्वतःच म्हटला. मागून एक बाई म्हणाली, "हव, उही आय," हेच ते.

भराव थांबला. तलाव गावाचा लागला. पूर्वेचा कोपरा मात्र गेला तो गेलाच. तिथे आता पत्र्याची शेड आहे, आत ट्रकांचे टायर बदलतात. मुरूम काढायचा हुकूम झाला होता, पण हुकूम आणि मुरूम यांत मुरूम जड असतो. तो एक महिना मी घालवला. कागद आधी नागपूरला पाठवला असता तरी तो कोपरा वाचला नसता, हे सासूबाईंनी मोठ्या मनाने सांगितलं. पण रजिस्टरात पत्त्याचा रकाना पहिल्या दिवशी भरला असता, तर वाचला असता. हे मला अजून टोचतं. बाबूने निदान बाबूचं काम तरी नीट करावं.

मला शिक्षा म्हणाल तर 'मोडी-तज्ज्ञ' काढून घेतलं. लेखी समज मिळाली. फलक उतरवला. तो मोडीत द्यावा असं मी सुचवलं, पण साहेब म्हणाले, "धारकर बाबू, नियम क्या कहता है?" आता तो तिथे एका कोपऱ्यात कोऱ्या, बिनरंगाच्या कापडात गुंडाळून ठेवला आहे. माझं चुकीचं वाचन, दुरुस्तीचं वाचन, माझा अज्ञानाचा कबुलीजबाब, सगळं एका फाइलीत. वर शेरा आहे : कायम जतन. दर पावसाळ्याआधी त्यावर औषध फवारतात. वारसा जपण्यात अभिलेखागाराची भूमिका म्हणाल तर ही. माझ्या घराण्यात कायम जतन झालेलं दुसरं काहीच नाही. घरात मुलगी विचारते, "पापा, आपने लाइफ में क्या अचीव किया?" तर मी तिला फाइलीचा नंबर सांगतो.

निवृत्त झालो त्या वर्षी राखीच्या दुसऱ्या दिवशी सुकवारो बाईचा मुलगा मोटारसायकलवर घ्यायला आला. "दाई बुलाए हे," आईने बोलावलंय. मंदाही म्हणाली, जा. तलावावर गेलो तर सगळा पारा जमला होता. बायका डोक्यावर भोजलीच्या टोपल्या घेऊन गात उतरत होत्या, आणि पाणी घाटाच्या तिसऱ्या पायरीला लागलं होतं. मी शेडकडे पाठ करून उभा राहिलो. बायकांनी टोपल्या पाण्यात सोडल्या, आणि धुतलेले कोंब एकमेकींच्या कानांवर खोचायला लागल्या.

एका नव्या सुनेने सुकवारो बाईला विचारलं, हा शहरी माणूस कोण?

"ए उही बाबू आय," सुकवारो बाई सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. "हमर तरिया ला इही गंवाए रिहिस, अउ इही खोज के दिस." आपला तलाव यानेच हरवला होता, आणि यानेच शोधून दिला. असं म्हणून तिने एक ओला कोंब माझ्या कानावर खोचला. पाणी मानेवरून सदऱ्यात उतरलं.

सुनेला खरं वाटेना. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सिरतोन बाबू?" खरंच का?

"हव," मी म्हटलं. या वेळी प्रश्न एकच होता.